भोपळ्याचा खोपा

धाकट्या सुनेनं भोपळ्याला वेणी घातली, ही तक्रार सारजाबाईंनी स्वतःच वालूरभर सांगितली, आणि वालूर हसायला लागलं तेव्हा गावाला हसवलं म्हणून पुन्हा सुनेवरच चिडल्या. विहिरीवर पाणी शेंदताना सांगितली, गिरणीत दळण ठेवताना सांगितली. शेजारच्या कस्तुराबाईला तर दोनदा सांगितली, कारण पहिल्यांदा ती पुरेशी दचकली नव्हती.

भोपळाही काही असातसा नव्हता. बांधावरच्या वेलाचा, डेऱ्याएवढा, चांगला तांबूस पिकलेला. सारजाबाईंनी तो घारग्यांसाठी उतरंडीमागं जपून ठेवला होता. कोकिळानं तो परस्पर गोठ्यात नेला. अंबाडीचा वाख धुऊन, पिंजून, डिंकानं त्याच्या डोक्यावर चिकटवला आणि परातीत बसवून शिकायला येणाऱ्या पोरींपुढं मांडला. भोपळ्याच्या अंगावरच्या रेघा तेवढ्या उघड्या ठेवल्या. मधली रेघ म्हणजे भांग, बाजूच्या दोन म्हणजे कानामागची हद्द. पोरी आळीपाळीनं त्याला तेल लावायच्या, विंचरायच्या, खोपा घालायच्या, सोडायच्या, पुन्हा घालायच्या.

"खोपा घालून सोडायचा," सारजाबाई कस्तुराबाईला म्हणाल्या. "खोपा म्हंजी काय गाठोडं हाय का? आमी घातलेला खोपा नवरी सासरी जाऊन सोडायची. आन् ते बी रडत."

हे मात्र खोटं नव्हतं. वालूरचं हे वारिकाचं घर. गावची हजामत घरातल्या पुरुषांकडं आणि नवरीचं तेल-न्हाणं, केस, खोपा बायकांकडं. निजामाच्या राज्यात तो मान होता, रझाकारांच्या वर्षी घरदार घेऊन पिंगळीला पळावं लागलं तेव्हाही गेला नव्हता, आणि मुंबई राज्य झालं तरी कुणी काढून घेतला नव्हता. मोठ्या घरात लग्न निघालं की हळदीच्या आधी सारजाबाईंना बोलावणं यायचं. त्या पुढं, आणि मागं तेलाची वाटी घेऊन थोरली सून मनकर्णा. शिकवायची त्यांची रीत एकच. वाटी धर, गप बस, बघ. मध्ये काही विचारलं तर फणीचा पाठीकडचा भाग बोटांवर बसायचा.

कोकिळाची तऱ्हा उलटी. तिचा बाप हैदराबादेत एका केस कापायच्या दुकानात खुर्चीवर होता आणि तिथंच पलीकडं एका पारशी बाईच्या दुकानात, पडद्याआड, बायकांचे केस करायचं काम ती शिकली होती. तिथं म्हणे लाकडाचं डोकं होतं. आधी बाईनं सावकाश करून दाखवायचं, प्रत्येक वळणाला नाव सांगायचं. मग पोरींनी लाकडावर करायचं. मग एकीनं मुद्दाम चुकवायचं आणि दुसरीनं चूक काढायची. वालूरला लाकडी डोकं कोण करून देणार? सुतारानं ऐकूनच कानावर हात ठेवले. म्हणून भोपळा.

आणि या सगळ्याच्या मागं होता भुजंग, सारजाबाईंचा धाकटा लेक, कोकिळाचा नवरा. परभणीत स्टेशनकडच्या रस्त्यावर त्याचं दुकान चांगलं चाललं होतं. कचेऱ्यांमधून पुण्याकडचे साहेब आले, त्यांच्या बायका आल्या. त्या बायका नवऱ्यांबरोबर दुकानापर्यंत यायच्या आणि बाहेर उभ्या राहून विचारायच्या, इथं बायकांचं कुणी करतं का? भुजंगनं दुकानामागची खोली त्यासाठी काढली होती. संक्रांतीपर्यंत हाताशी पोरी तयार पाहिजेत, असं तो म्हणत होता. म्हणून तुळशीचं लग्न लागल्यापासून गोठ्यात वर्ग भरत होता, आणि म्हणूनच आज, भुजंग सेलूपर्यंत रेल्वेनं आणि तिथून बैलगाडीनं आल्यावर, सगळं घर ओसरीवर बसलं होतं. वर्ग राहायचा की बंद व्हायचा, ते आज ठरायचं होतं. निकाल सारजाबाई देणार, यात कुणाला शंका नव्हती. फार काय, निकाल काय असणार यातही कुणाला शंका नव्हती.

थोरला किशनराव आधी बोलला. पारावर हजामतीला बसलो की लोक विचारतात, किशनराव, भोपळ्याची दाढी कधी करणार? त्याचा राग खरा होता. त्यातून, या तीन पोरी कुणाच्या? एक कडूबाईची, जी शेतात निंदायला जाते. एक थेट चुडाव्याहून मावशीकडं येऊन राहिलेली. घरची विद्या वेशीबाहेर वाटायची, तीही गोठ्यात बसून.

"तिला सांग माय," तो भिंतीकडं बघत म्हणाला, "इद्या रस्त्यावर मांडायची नसती."

धाकट्या भावजयीशी थोरल्यानं तोंडावर बोलायचं नाही, असा घरचा दस्तूर होता. कोकिळानंही पदर पुढं ओढला आणि तुळशीकडं तोंड करून बोलली.

"थोरल्यांना सांगा आत्याबाई, गोठा रस्त्यावर न्हाई. आन् घरच्या पोरी असत्या तर त्यान्लाच शिकवलं असतं. घरात पोरीच न्हाईत, सगळे पोरंच."

"तिला सांग, तोंड लय चालायलंय."

"त्यान्ला सांगा, तोंडानंच शिकवावं लागतंय."

भुजंग गालातल्या गालात हसला. कोपऱ्यात सारजाबाईंचे मालक आश्रुबा वस्तऱ्याला चामड्याच्या पट्टीवर धार लावत बसले होते. त्यांना ऐकू कमी यायचं, निदान असं तेच सांगायचे. पट्टीचा आवाज मात्र एका लयीत चालला होता.

सारजाबाई दोघांचं इकडचं तिकडं पोचवता पोचवता कंटाळल्या. त्यांनी नजर थोरल्या सुनेकडं वळवली. मनकर्णा खांबाला टेकून बसली होती. ती कधी उलटून बोलत नसे, म्हणून सारजाबाईंना ती आपल्या बाजूची वाटायची. आजवर तसं विचारायची वेळ आली नव्हती, आणि आजही त्यांनी विचारलं नाही.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "बोलून काय व्हनार न्हाई. ही मनकर्णा माझ्या हाताखाली वाटी धरून शिकली. तिला कुनी भोपळा दिला न्हाई. आता ही कस्तुराबाई बसलीय इथं. तिच्या डोक्यावर मनकर्णा नवरीचा खोपा घालील. मग कस्तुराबाईनं ईहिरीवरून घागर भरून आनायची. खोपा टिकला तर कोकिळेचा गोठा बंद. बैलं बांधा तिथं."

"आन् न्हाई टिकला तर?" भुजंगनं विचारलं.

"टिकतोच," सारजाबाई म्हणाल्या.

कस्तुराबाई नुसती तमाशा बघायला आली होती. तिचे केस मात्र गुडघ्यापर्यंत होते आणि त्याचा तिला अभिमान होता, तेव्हा ती फारसे आढेवेढे न घेता पाटावर बसली. गोठ्यातल्या तिन्ही पोरी दाराशी येऊन उभ्या राहिल्या. मनकर्णानं तेलाची वाटी घेतली. ती क्षणभर कस्तुराबाईच्या समोरच बसली, मग काहीतरी आठवल्यासारखी उठून मागं गेली.

तेल तिनं झकास लावलं. भांग काढला तो सुतासारखा सरळ. दोन्ही बाजूंच्या बटा कानावरून मागं घेतल्या, तेव्हा सारजाबाईंनी किशनरावकडं असं बघितलं, की जणू बैल गोठ्यात बांधूनच झाले. मग मनकर्णाचे हात मानेपाशी आले आणि तिथं थांबले. तिनं केसांचा पीळ उजवीकडून घेऊन बघितला, सोडला. डावीकडून घेऊन बघितला. वर गुंडाळला, शेवट आत खोचला. कस्तुराबाईनं मान वळवायचा अवकाश, सगळं ओझं घसरून तिच्या पाठीवर आलं.

"अगं, फिरव की," सारजाबाई म्हणाल्या. "मग खालून घे. खालून."

"कुठून खालून, आत्याबाई?"

"कुठून म्हंजी? मी घेते तिथून. इतकी वर्सं वाटी कुनी धरली?"

मनकर्णानं हात खाली घेतले. तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण ओसरीवर सगळ्यांना ऐकू आला.

"मीच धरली. पन वाटी धरून मी नवरीच्या म्होरं बसायची, आत्याबाई. तसाच दस्तूर हाय. खोपा तर मागं व्हायचा. मी नवरीचं तोंडच बघितलं."

पट्टीवरचा वस्तरा थांबला. पहिल्यांदा कस्तुराबाई हसली, मोकळ्या केसांनिशी, पदर तोंडाशी नेऊन. मग भुजंग. मग दारातल्या पोरी. किशनराव बायकोकडं असा बघत राहिला, की जणू लग्नानंतर आज पहिल्यांदाच ती बोलली असावी.

"रडायच्या व्हय गं नवऱ्या?" कस्तुराबाईनं विचारलं.

"लय. कुनी दुखतंय म्हनून, कुनी सासरी जायचं म्हनून. तेवढं मला वळखू येतंय," मनकर्णा म्हणाली, आणि तीही हसली.

सारजाबाई हसल्या नाहीत. त्या आठवत होत्या. दस्तूर जुना होता, वाटी त्यांनीही धरली होती, त्याही नवरीच्या समोरच बसल्या होत्या. मग मागचं त्यांनी पाहिलं कुठं? त्यांनी मनातल्या मनात सासूच्या मागं जाऊन बघायचा प्रयत्न केला आणि तिथं काहीच दिसेना. दिसेना, पण जाणवायला लागलं. मानेच्या वर, उजव्या कानाच्या मागं, एक जुना ताण. सासूला लेक नव्हती. दर बाजाराच्या दिवशी ती सारजाला पाटावर बसवायची, तिच्याच डोक्यावर खोपा घालायची आणि घालताना शिव्या द्यायची. पीळ कुठं फिरतो, शेवट कुठून आत जातो, किती ओढलं की पुरे होतं, हे सारजाबाईंच्या डोळ्यांना कधी ठाऊकच नव्हतं. डोक्याला ठाऊक होतं, आणि डोक्याकडून हातांना. सासू गेल्यापासून त्या डोक्याला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्यांनी एवढंच म्हटलं, की मनकर्णाला येत नाही म्हणजे भोपळ्याच्या पोरींना येतं, असं काही होत नाही. त्यांनाही बसवा.

कडूबाईची चतुरा पुढं आली. काळीसावळी, हाताला निंदणीचे घट्टे पडलेली पोरगी. कोकिळानं तिला काहीही सांगितलं नाही, फक्त कस्तुराबाईचा पाट तिरपा फिरवला, सगळ्यांना मागची बाजू दिसावी अशी. चतुरा ओठांतल्या ओठांत एकेका वळणाचं नाव घेत होती. धर, पीळ, वळव, खालून, दाब, खोच. पुरुषांनी बायकांचं असलं काम बघायचं नसतं हे किशनराव विसरला आणि मान लांब करून बघू लागला. आणि खोपा उभा राहिला. कुणालाही उणं काढता येऊ नये असा, गोल, घट्ट, मानेवर बेतानं बसलेला.

कस्तुराबाई घागर घेऊन विहिरीवर गेली. तिन्ही पोरी दारातून वाटेकडं बघत राहिल्या. ती आली, पाणी हिंदकळून पदर भिजला होता, खोपा तसाच होता.

"झालं," भुजंग म्हणाला. "माय, आता तूच सांग."

"थांब," सारजाबाई म्हणाल्या. त्या कस्तुराबाईच्या जवळ गेल्या आणि तिच्या तोंडाकडं निरखून बघू लागल्या. कस्तुराबाईच्या भुवया वर चढल्या होत्या आणि डोळ्यांच्या कडा ओल्या होत्या. खोपा चालला होता तेव्हा तिच्या पायाची बोटं पाटावर आवळलेली सारजाबाईंनी पाहिली होती.

"दुखायलंय का गं?"

"न्हाई ओ. बरं हाय."

"डोळ्याला पानी कामून मग?"

"घागर जड हुती."

सारजाबाई कोकिळाकडं वळल्या. आता त्यांच्या आवाजाला पुन्हा धार आली होती. खोपा बरा आहे, असं त्या म्हणाल्या. चांगला म्हटलं नाही, बरा म्हटलं. पण पोरीचा हात बाईच्या डोक्यावर नाही, विहिरीच्या दोरावर असल्यासारखा चालतोय. परभणीच्या साहेबाची बायको पहिल्या खेपेला गप बसेल, दुसऱ्या खेपेला येणारच नाही. मग संक्रांतीला खोलीत कोण बसणार, भोपळा?

कोकिळा पहिल्यांदाच गडबडली. तिनं पदर सारखा केला.

"खरं हाय, आत्याबाई. तिथं बाईनं शिकवलं हुतं, आधी लाकडावर करा, मग एकमेकींच्या डोक्यावर करा, आन् जिचं डोकं तिनं बोलायचं. दुखलं तर दुखलं, सैल तर सैल. तिथल्या पोरी बोलायच्या. इथं मी रोज सांगते. या एकमेकींना बसवतेत आन् इचारलं की म्हनतेत, बरं हाय. रगत निघालं तरी बरं हाय." ती थांबली. "बोलनारं डोकं मला गावात भेटंना. भोपळ्यात आन् पोरींत फरकच राहिला न्हाई."

दारातल्या पोरींनी माना खाली घातल्या. चुडाव्याची पोरगी आपल्या कानामागं बोटानं हळूच चोळत होती.

सारजाबाईंनी पाट पायानं स्वतःकडं ओढला. बसल्या. पदर खांद्यावर घेतला आणि अंबाड्याची गाठ सोडली. केस पांढरे होते, पण अजून दाट होते. मनकर्णा उठून उभी राहिली. आश्रुबांनी वस्तरा म्यानात घातला.

"ये गं चतुरे," सारजाबाई म्हणाल्या.

पोरगी जागची हलेना. तिला कोकिळानं पुढं ढकललं. तिनं भांग काढला, फणी सारजाबाईंच्या हातात दिली आणि पहिली बट ओढली.

"हां, मर! उपटून घरी न्यायचे का? केस हायत ते, गवत न्हाई. सैल सोड. अजून. आता एवढं सैल सोडलंस तर चिमणी घर करील त्यात. आवळ उलीसं. तिथं न्हाई, कानाच्या मागं. कानाच्या मागं कातडं पातळ असतंय, तिथं बोट टेकव आधी, मग वढ. आता बघ, दुखलं का? न्हाई दुखलं. दुखलं असतं तर तुला कळलं असतं."

"कसं कळलं असतं, आजी?" चतुरानं भीत भीत विचारलं.

"फणी माझ्या हातात हाय की."

पोरी हसल्या आणि दारातून आत आल्या. एक डावीकडं बसली, एक उजवीकडं. मनकर्णानं सवयीनं तेलाची वाटी उचलली, सासूच्या समोर बसायला वाकली आणि मग सरळ उभी राहून मागं गेली.

"मला बी शिकायचं हाय," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही, पण किशनराव दचकला.

"हिला सांग माय..." त्यानं सुरुवात केली, आणि मग त्याच्या ध्यानात आलं, की ही भावजय नाही, ही बायको आहे, हिच्याशी सरळ बोलता येतं. शेवटी तो म्हणाला, की गोठ्याचं छप्पर गळतं, बायका बसायच्या तर ते नीट करून घ्यावं लागेल. भुजंगनं त्याच्यापुढं पानाची चंची सरकवली.

चतुराच्या हातांनी पीळ वळवला, खालून घेतला, आत खोचला. सारजाबाईंनी डोळे मिटले होते. मानेच्या वर, उजव्या कानाच्या मागं, तो जुना ताण अगदी बरोबर जागेवर येऊन बसला. त्यांनी मान हलवली. इकडं हलवली, तिकडं हलवली.

कोपऱ्यातून आश्रुबा म्हणाले, "लग्नात असाच हुता. माझ्या मायनं घातलेला."

"ऐकू येतंय वाटतं आज," सारजाबाई म्हणाल्या, पण डोळे उघडले नाहीत.

कोकिळा भिंतीपाशी उभी होती. निकाल अजून लागला नव्हता, आणि तो लागल्याशिवाय तिला पुढं यायचं धाडस होईना. सारजाबाईंनी बराच वेळ तिला तसंच उभं ठेवलं. सगळ्यांची गडबड संपली, चतुरा हात पुसत बाजूला झाली, तेव्हा त्यांनी कोकिळाला जवळ बोलावलं.

"कोकिळे, तो भोपळा धुऊन उतरंडीमागं ठेव. अंबाडीचा एक धागा जरी घारग्यात निघाला तर तुलाच खायला लावीन. आन् उद्यापासून पोरींना हे डोकं दे. पन ध्यानात धर, भोपळा गप बसत हुता. मी बसनार न्हाई."